शेकाची पिशवी आणि वीस मिनिटं

(अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावी भरलेल्या दोन दिवसांच्या महिला शिबिरात, आरोग्याच्या सत्रात केलेलं भाषण.)

सकाळच्या सत्रात जमिनीवरच्या नावाबद्दल, मजुरीबद्दल बोलणं झालं. आता आरोग्याचं सत्र आहे आणि मी बोलणार आहे एका कापडी पिशवीबद्दल. तिच्यात पाऊण किलो तांदूळ असतो. तो गरम करायचा, पिशवीत ओतायचा आणि दुखत्या कमरेवर ठेवायचा. काहीजणी हसताहेत. हसा. मीही पहिल्यांदा हसले होते. समाजकार्याची पदवी घेऊन, हातात तक्ते आणि पुस्तिका घेऊन मी या भागात आले, तेव्हा मला वाटायचं, बायकांच्या आरोग्यावर बोलायचं तर मोठ्या गोष्टी बोलायच्या. पिशव्या शिवत बसणं म्हणजे शिवणवर्ग झाला, चळवळ कशी होणार?

पण त्या तक्त्यांनी तोंडं उघडली नाहीत. मी विचारायची, "तुम्हाला काय काय दुखतं?" सगळ्या गप्प. एखादी म्हणायची, "काही नाही बा." आणि उठताना हात गुडघ्यावर, तोंडात "आई गं". शेवटी एका म्हातारीनं मला समजावलं, "पोरी, कंबर त साऱ्याईचीच दुखते. ते का सांगाची गोष्ट हाय?"

सगळ्यांचीच दुखते म्हणून ती सांगायची गोष्ट राहत नाही. मला आज या वाक्यावरच बोलायचं आहे, पिशवीच्या निमित्तानं.

आपला जिल्हा धानाचा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, तरी बांधी तीच आणि चिखल तोच. धान म्हणजे रोवणी, आणि रोवणी म्हणजे बाई. चिखलणीला बैल असतो, आता ट्रॅक्टर असतो. रोवणीला आपली कंबर असते. आषाढ-श्रावणात पोटरीभर पाण्यात, कमरेत वाकून, एक पाऊल मागे, मग एक पाऊल मागे, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकराच्या ठेक्यानं काम घेतलं तर मान वर करायलाही वेळ नाही. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची, तीही वाकूनच. मग तेंदूपत्ता. सत्तर पानं मोजायची, पुडका बांधायचा, की पुढचा पुडका. दिवाळीच्या सुमारास कापणी, डोक्यावर भारे. यात घरचं पाणी, सरपण, भांडी मी धरलेलीच नाहीत. ती कोणीच धरत नाही.

मग दुखलं तर काय करायचं? आपल्या आज्या शेक घ्यायच्या. वीट तापवून फडक्यात गुंडाळायची. जाडं मीठ कढईत गरम करून पुरचुंडी बांधायची. तव्यावर कापड तापवून पोटावर धरायचं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची. त्या शेगडीबद्दल एक सांगून टाकते. बंद खोलीत निखारे ठेवले की धूर आणि विषारी वायू कोंडतो, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो. ती पद्धत सोडा. पण शेक ही गोष्ट खरी आहे. उष्णतेनं त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त पोचतं, आखडलेला स्नायू सैल पडतो. पाळीत पोटात कळा येतात, म्हणजे गर्भाशयाचा स्नायू आवळत असतो. ओटीपोटावर शेक दिला की तो ढिला पडतो. पाळीच्या दुखण्यात शेकानं दुखण्याच्या गोळीच्या तोडीचा आराम पडतो, असं डॉक्टरांच्या अभ्यासांतही दिसलं आहे. तेव्हा आज्या काही वेड्या नव्हत्या.

पुरचुंडीचा त्रास एवढाच की ती गोळा होते, एका जागी चटका बसतो आणि बाकी जागा कोरडी राहते. म्हणून ही पिशवी. उद्या सकाळी आपण ती प्रत्यक्ष शिवणार आहोत, आज कृती सांगते. नीट ऐका, कारण चूक झाली तर भाजतं.

पहिलं म्हणजे कापड. शंभर टक्के सुती हवं. जुनं धोतर, सुती लुगडं, पलंगपोस चालेल. टेरिकॉट किंवा नायलॉन मिसळलेलं नको. ओळखायचं कसं? कापडाचा एक धागा काढून जाळून बघा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. मिसळीचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. असला कपडा गरम धान्यानं अंगावर चिकटेल. शिवायचा दोराही सुतीच घ्या. कापड विरलेलं असेल तर दुहेरी घ्या.

आता माप. सतरा इंच लांब, सोळा इंच रुंद तुकडा कापा. पट्टी नसेल तर दोन वीत धरा, दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. तो रुंदीत दुमडा, म्हणजे आठ इंच रुंदीची घडी होईल. खालची बाजू आणि एक उभी बाजू शिवा. मशीन असेल तर दोन टिपा मारा. हातानं शिवत असाल तर आधी धावदोरा आणि मग त्यावरून उलटी टीप. टाके जवळजवळ हवेत, नाहीतर तांदूळ गळत राहील. पिशवी उलटवा, शिवण आत जाईल. वरच्या तोंडाला दुमड घालून शिवा आणि बाळाच्या झबल्याला असतात तसे बंदांचे दोन जोड लावा.

आता महत्त्वाचं. पिशवीवर खालपासून वरपर्यंत दोन उभ्या टिपा मारायच्या, म्हणजे तीन कप्पे होतील. पण या टिपा तोंडाच्या चार बोटं अलीकडे थांबवा. वरचा भाग मोकळा ठेवला की ओतलेलं धान्य तिन्ही कप्प्यांत उतरतं, आणि कप्प्यांमुळे ते एका कोपऱ्यात गोळा होत नाही. पिशवी कमरेला, मानेला, गुडघ्याला वाकून बसते. तिच्यावर घालायला जुन्या टॉवेलचा अभ्रा शिवा. अभ्रा धुता येतो, आतली पिशवी रोज धुवावी लागत नाही.

आता आत काय भरायचं. एका गावात एक बाई उठून म्हणाली, "अन्न जाळाचं का, बाई? आमी रेशनचा तांदूळ मोजून शिजवतो." बरोबर बोलली. खायचा तांदूळ यात घालू नका. भात-गिरणीच्या आवारात सांडलेला, झाडून गोळा केलेला, सोंडे लागलेला तांदूळ असतो, तो घ्या. चाळा, पाखडा, दोन दिवस उन्हात वाळवा. जाडा तांदूळ चांगला, बारीक चुरा नको, तो लवकर करपतो. आपल्याकडे धानाच्या बांधीत उतेऱ्यानं जवस घेतात. घरी जुनं जवस पडून असेल तर फारच छान. दाणा गुळगुळीत, अंगावर मऊ बसतो. पण जवसात तेल असतं, म्हणून आच अगदी मंद ठेवा, आणि खवट वास यायला लागला की बदला. जाडं मीठही चालतं, पण पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. धान मात्र घालू नका. एकीनं तांदळाऐवजी धानच कढईत टाकलं आणि चुलीपाशी लाह्या उडायला लागल्या. पोरांनी खाल्ल्या, कंबर तशीच राहिली.

पाऊण किलोच्या आसपास धान्य पुरतं. कप्पे दोन-तृतीयांश भरले पाहिजेत. गच्च भरलं तर पिशवी काठीसारखी होते.

गरम कसं करायचं? भरलेली पिशवी तव्यावर किंवा चुलीवर कधीही ठेवायची नाही. कापड पेट घेतं. धान्य लोखंडी कढईत घ्या, मंद आचेवर चार-पाच मिनिटं सारखं हलवत राहा. रंग बदलायच्या आत उतरवा. तोंड रुंद असलेल्या मगानं पिशवीत ओता, बंद बांधा, तोंड दुमडून टाका, अभ्रा घाला. दोन मिनिटं थांबा आणि पिशवी हलवा. मग मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून दहा आकडे मोजा. हात काढून घ्यावासा वाटला तर ती जास्त गरम आहे. गरम जितकं जास्त तितका गुण जास्त, हा गैरसमज आहे. ऊब हवी, चटका नको.

पंधरा ते वीस मिनिटं शेक घ्यायचा. दिवसातून दोन-तीनदा चालेल. अंगाखाली घेऊन झोपायचं नाही, वजनानं चटका बसतो. रोज रोज तासन् तास एकाच जागी शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. तसे दिसले तर शेक थांबवा. तेच धान्य पुन्हा पुन्हा वापरता येतं. करपल्याचा वास आला की टाकून द्या, ते ना माणसानं खायचं ना कोंबड्यांना घालायचं. पिशवी पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर तुमच्याआधी तिचा उपयोग करतील.

आता शेक कुणी घ्यायचा नाही ते सांगते. ज्या जागी बधिरपणा आहे तिथे कधीही नाही. आपल्या भागात कुष्ठरोग अजून आहे. कातडीवर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर तिथे भाजलेलंही कळणार नाही. अशा चट्ट्याला शेक नको, तपासणी हवी. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि रोग बरा होतो. साखरेच्या आजारात पाय बधिर झालेल्यांनाही हेच लागू. ताजा मुरगळा, ताजी सूज असेल तर पहिले दोन दिवस गरम शेक नको. जागा लाल, गरम, पू झालेली असेल तर नको. गरोदर बाईच्या पोटावर नको. बाळंतपणानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तर शेकत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा. पोटात एकदम जोराची कळ, उलट्या, ताप, तरीही तेच. तान्ह्या बाळाला ही पिशवी लावू नका.

इथवर मी शिवणबाईसारखं बोलले. आता माझी चूक सांगते.

पहिल्या वर्षी या पिशव्यांचं मला फार कौतुक होतं. चार-पाच बाया एकत्र बसून शिवायच्या आणि हात कामात असले की तोंडं उघडायची. तक्त्यांनी जे झालं नाही ते सुईदोऱ्यानं झालं. एकमेकींकडे बघायचं नसतं ना, नजर टाक्यावर असते, म्हणून बोलता येतं. कुणी पाळीचं बोलायची, कुणी अंगावरून जातं ते सांगायची, कुणी नवऱ्याचं. मला वाटलं, जमलं.

त्यातल्या एका मावशीनं पिशवी नेली. वय पंचेचाळीसच्या आसपास. रोवणी संपल्यावर भेटली तर म्हणाली, "बाई, तुही पिशवी लय कामाची हाय. मले रोजच लागते." मी खूश झाले. अहवालात लिहिलंसुद्धा. रोज का लागते, कुठे लागते, हे विचारलं नाही. कापणीच्या दिवसांत तिला तापानं फणफणलेल्या अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. गर्भाशय आणि नळ्यांना जुना जंतुसंसर्ग होता. डॉक्टर बाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? म्हणाली, रोवणीच्या आधीपासून. मग आधी का नाही आलात? तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पिशवी होती न."

आठ दिवस ती भरती होती. औषधांनी बरी झाली. मला रागावली नाही, उलट मलाच धीर देत होती. पण ते तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. दुखणं म्हणजे शरीर सांगत असतं, इकडे लक्ष द्या. मी तिच्या हातात असं साधन दिलं होतं, की ज्यानं ते सांगणं दर रात्री वीस मिनिटं बंद व्हायचं आणि सकाळी ती पुन्हा बांधीत उभी राहायची. सोसण्याची ताकद मी वाढवून दिली. सोसायला लावणारं काहीच बदललं नव्हतं.

ही एका बाईची गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना दुखत होतं आणि जवळजवळ कुणीच सांगत नव्हतं. कारण तेच, साऱ्याईचीच दुखते.

आणि न सांगितलेल्या दुखण्याचं पुढे काय होतं? बीड जिल्ह्यात बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रासमोर आला. सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, खाडा झाला की पैसे कापले जातात, मग कटकटच नको म्हणून पिशवीच काढून टाकायची. आपण गर्भाशयालाही पिशवीच म्हणतो ना? आधी सोसायचं, सोसवेनासं झालं की कापून टाकायचं. मधला रस्ता, म्हणजे वेळेवर तपासणी, विश्रांती, औषध, तो बाईच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून आता आम्ही पिशवी देताना आधी चार गोष्टी विचारतो. कुठे दुखतं आणि किती दिवसांपासून? ताप, घाण वासाचं पांढरं पाणी, पाळीशिवाय रक्त किंवा पाळी गेल्यावर रक्त, यातलं काही आहे का? खाली काही उतरल्यासारखं, जड ओढल्यासारखं वाटतं का? लघवीला जळजळ किंवा अडवणूक आहे का? एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर पिशवी हवी तर घे, पण आशाताईबरोबर आधी दवाखान्यात. आणि सगळ्याला 'नाही' असेल तरी, सात दिवस शेकून दुखणं तसंच असेल तर तपासणी. उपकेंद्र आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०१६ साली सुरू झालं. लांब पडतं, मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. म्हणून एकटीनं जाऊ नका. गटातल्या दोघी मिळून जा, गाडीभाडं गटाच्या बचतीतून काढा.

अजून एक दुखणं आहे, ते आपल्या भागात फार आहे. सिकलसेल. आदिवासी, दलित, कुणबी, तेली, अनेक समाजांत तो आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं-सांधे असे दुखतात की माणूस लोळतो. आमच्या एका गटात एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी यायची. रोवणीच्या दिवसांत दोन दिवस कामाला गेली की तिसऱ्या दिवशी अंथरुणात. घरचे म्हणायचे, कामचुकार आहे. आई म्हणायची, सासरी गेल्यावर कसं होणार हिचं. पिशव्या शिवताना तीच हळूच म्हणाली, "पाण्यात उभी रायली का हाडात सुया टोचते." आम्ही तिची तपासणी करून घेतली. सिकलसेलची रुग्ण निघाली, नुसती वाहक नाही.

थंड पाणी, ओले कपडे, दमणूक, पाणी कमी पिणं, यानंच हे दुखणं उफाळतं. रोवणीत हे चारही एकत्र येतात. त्या पोरीला आपण वर्षानुवर्षं आळशी म्हणत होतो. सिकलसेलच्या दुखण्यात उबदार शेक चांगला, बर्फ किंवा गार पट्टी दुखत्या सांध्यावर कधीही नको. भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, डोळे पिवळे झाले, किंवा शेकून आणि गोळी घेऊनही दुखणं हटलं नाही, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. शासनानं २०२३ च्या जुलैत देशभराची सिकलसेल मोहीम सुरू केली, त्याआधीपासून राज्याचा कार्यक्रम होताच. तपासणी मोफत होते. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची करा. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता मूल रुग्ण असण्याची. आणि हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो, हे सासरच्या माणसांना मोठ्यानं सांगा, कारण दोष नेहमी सुनेच्या कपाळी मारला जातो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो वीस मिनिटांचा. पिशवी शिवणं सोपं आहे. कठीण आहे ते वीस मिनिटं आडवं पडणं. संध्याकाळी बांधीतून आल्यावर चूल कोण पेटवणार? लेकरांना कोण वाढणार? एका गावात एका बाईनं पहिल्या दिवशी शेक घेतला तर नवरा हसला, "महाराणी झोपली." तो गिरणीत पोती उचलतो, हमाल आहे, त्याचीही पाठ दुखतेच. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी मागून घेतली. तिसऱ्या दिवसापासून तांदूळ ती तापवायची, पिशवी ती भरायची आणि शेक तो घ्यायचा. तिला मिळायची ती उरलेली ऊब.

तिनं हे गटात हसत हसत सांगितलं. कुणीच हसलं नाही. खूप चर्चा झाली. त्याची पाठ खोटी आहे असं कुणी म्हटलं नाही, पोती काही हलकी नसतात. ठरलं असं, की घरात दोन पिशव्या शिवायच्या, एक तिची आणि एक घराची. आणि ती शेक घेईल तेव्हा भात तो टाकेल. पहिल्यांदा भात गचका झाला. पण झाला. आज त्या गावात सात-आठ घरी रोवणीच्या महिन्यात हा रिवाज पडला आहे. मी फार मोठं काही झालं असं म्हणत नाही. पण बाई दुखतं म्हणून दिवसाउजेडी आडवी झाली आणि घर बुडालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याच गटानं पुढच्या रोवणीला ठेका घेताना दोन अटी घातल्या. दुपारी जेवणाव्यतिरिक्त अर्धा तास बांधावर बसायचं, आणि पऱ्ह्याच्या पेंड्या बांधीपर्यंत गड्यांनी वाहायच्या. शेतमालक कुरकुरला. पण रोवणी अडून राहिली असती, म्हणून मान्य केलं. समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला आणि तरी बांधीत बाईची मजुरी कमीच राहिली, यावर सकाळी आपण बोललो. त्यात एवढंच जोडते की कंबर ही आपली अवजारं ठेवायची जागा नाही. मजुरीच्या बोलणीत तिचाही हिशोब धरला पाहिजे.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी येताना घरातलं एखादं जुनं सुती कापड, सुई आणि पांढरा दोरा घेऊन या. तांदूळ आम्ही गिरणीतून गोळा करून चाळून ठेवला आहे. आणि गटाच्या वहीत बचतीच्या पानांमागे एक पान कोरं सोडा. कुणाला, कुठे, कधीपासून दुखतं, दवाखान्यात गेली का, काय झालं, एवढंच लिहायचं. नावं लिहायला संकोच वाटला तर खूण करा. रोवणी संपली की ते पान उघडून सगळ्याजणी मिळून वाचा.

साऱ्याईचीच दुखते, हे मग एका कागदावर दिसेल. ते पान घेऊन आपल्याला ग्रामसभेत जाता येईल, आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा तरी स्त्री डॉक्टर हवी म्हणून मागता येईल, ठेका ठरवताना पुढे ठेवता येईल.

उद्या नऊ वाजता. कात्री मी आणते.